जाहिरातीत ४८९ किलोमीटर, रस्त्यावर ३५०: नवीन इलेक्ट्रिक गाडीचे आकडे समजून घेऊया

कुठलीही नवीन इलेक्ट्रिक गाडी बाजारात आली की होर्डिंगवर सगळ्यात मोठ्या अक्षरात एकच आकडा असतो, एका चार्जमध्ये किती किलोमीटर. टाटा नेक्सॉन ईव्हीची ४५ किलोवॉट अवरची बॅटरीवाली गाडी घ्या, तिचा सर्टिफाइड आकडा ४८९ किलोमीटर. आणि त्याच कंपनीने त्याच गाडीसाठी दुसरा आकडाही दिलाय, ३५० ते ३७०. दोन्ही खरे आहेत, कुणी कुणाला फसवत नाहीये, पण सामान्य माणसाला या दोन आकड्यांमधला फरक कुणी बसून सांगत नाही आणि मग ज्याने ४८९ डोक्यात ठेवून गाडी घेतली तो पहिल्याच लांबच्या ट्रिपला वैतागतो आणि गावभर सांगतो की इलेक्ट्रिक गाड्या म्हणजे सगळं थोतांड आहे. मला मनापासून वाटतं की या गाड्या आपल्याकडे भरपूर खपाव्यात, पण त्या खपवायच्या असतील तर लोकांना मोठे आकडे दाखवण्यापेक्षा हिशोब शिकवला पाहिजे. एकदा हिशोब जमला की घ्यायची का नाही हे तुमचं तुम्हालाच कळतं.

सुरुवात बॅटरीपासून करू. ४५ किलोवॉट अवर वगैरे ऐकून घाबरायचं काही कारण नाही, एक किलोवॉट अवर म्हणजे तुमच्या लाइटबिलातलं एक युनिट, बस्स. म्हणजे ४५ किलोवॉट अवरच्या बॅटरीत ४५ युनिट वीज मावते. आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या इलेक्ट्रिक गाड्या शहरात नीट चालवल्या तर एका युनिटमध्ये साधारण सात ते आठ किलोमीटर जातात, हायवेला शंभरच्या स्पीडने पळवल्या तर सहाच्या आसपास. म्हणून जाहिरातीतला रेंजचा आकडा बाजूला ठेवा आणि बॅटरीचा आकडा शोधा, तो छोट्या अक्षरात कुठेतरी असतोच, त्याला सातने गुणा. ४५ गुणिले सात, ३१५. आठने गुणलं तर ३६०. बघा, कंपनी जो ३५० ते ३७० म्हणते त्याच्या जवळच येतोय आपण, ते पण फक्त पंचेचाळीसचा पाढा येत असला की झालं. हायवेसाठी सहाने गुणा, २७०. ही रीत टियागो ईव्हीपासून महिंद्राच्या बीई ६ पर्यंत कुठल्याही गाडीला लावून बघता येते, गाडी जड आणि मोठी असेल तर गुणायचा आकडा थोडा कमी धरायचा.

मग ४८९ आला कुठून? तो येतो एमआयडीसी नावाच्या टेस्टमधून. आपल्याकडे एमआयडीसी म्हटलं की चाकण भोसरीच डोळ्यासमोर येते, पण इथे त्याचा अर्थ मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल, म्हणजे गाडी कशी, किती वेगात, किती वेळ चालवायची याचं ठरवून दिलेलं वेळापत्रक. ही टेस्ट पुण्यातली एआरएआय, म्हणजे ती वेताळ टेकडीवरची संस्था, १९६६ पासून आहे, तिथे किंवा तशाच दुसऱ्या सरकारमान्य संस्थेत होते. गाडी रस्त्यावर नेत नाहीत, लॅबमध्ये रोलरवर उभी करतात, चाकं जागच्या जागी फिरतात. पहिला भाग शहरातला, त्यात स्पीड ५० च्या वर जातच नाही. दुसरा भाग शहराबाहेरचा, त्यात जास्तीत जास्त ९०. सगळ्याची सरासरी काढली तर ताशी ३० किलोमीटरच्या थोडं वर. एसी बंद. हवा माफक. चढ नाही, खड्डे नाहीत, मागच्या सीटवर तीन जण आणि डिकीत बॅगा नाहीत. अशा परिस्थितीत गाडी ४८९ किलोमीटर जाते यावर माझा पूर्ण विश्वास आहे. अशा परिस्थितीत तुम्ही गाडी चालवता का, एवढाच प्रश्न आहे.

अजून एक गोष्ट. आधी बऱ्याच कंपन्या फक्त पहिल्या भागाचा, म्हणजे हळू चालणाऱ्या शहरी भागाचा आकडा छापायच्या, कारण तो जास्त दिसतो. आता दोन्ही भाग मिळून आकडा सांगतात. टाटा पंचची मोठ्या बॅटरीवाली इलेक्ट्रिक गाडी जानेवारी २०२४ मध्ये आली तेव्हा आकडा ४२१ होता, दोन्ही भाग धरल्यावर तोच ३६५ झाला. गाडी तीच, बॅटरी तीच. म्हणून जुनी जाहिरात आणि नवीन जाहिरात शेजारी ठेवून तुलना करू नका, आणि जुनी गाडी सेकंडहँड घेताना तर मुळीच करू नका.

पेट्रोलच्या गाड्यांचं मायलेज पण असंच लॅबमधलं असतं, ते कुणाला मिळत नाही आणि कुणी त्यावर चिडतही नाही, कारण संपलं तर पुढच्या पंपावर पाच मिनिटांत टाकी भरता येते. इलेक्ट्रिकमध्ये तसं नाही म्हणून हा फरक एवढा टोचतो. मार्च २०२१ मध्ये दिल्लीत हेच झालं, तेव्हाच्या नेक्सॉन ईव्हीची सांगितलेली रेंज होती ३१२ किलोमीटर, ती मिळत नाही अशी तक्रार गेल्यावर दिल्ली सरकारने त्या गाडीची सबसिडीच थांबवली, मग कंपनी हायकोर्टात गेली आणि त्या आदेशाला स्थगिती मिळाली. कायद्याने कंपनीची बाजू भक्कम होती, कारण आकडा सर्टिफाइड होता. पण गिऱ्हाइकाला सर्टिफिकेट चालवायचं नसतं ना, त्याला गाडी चालवायची असते. पुढे टाटाने सी ७५ नावाचा वेगळा आकडा द्यायला सुरुवात केली, म्हणजे त्यांच्या ७५ टक्के ग्राहकांना प्रत्यक्षात मिळू शकेल अशी रेंज. कर्व्ह ईव्ही ऑगस्ट २०२४ मध्ये आली तेव्हा मोठ्या बॅटरीचा सर्टिफाइड आकडा ५८५ आणि सी ७५ आकडा ४०० ते ४२५. हॅरियर ईव्हीला ६२७ आणि ४८० ते ५०५. माझ्या मते इलेक्ट्रिक गाड्यांच्या प्रचारात गेल्या काही वर्षांत झालेली ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे, कुठल्याही सेलिब्रिटीपेक्षा आणि क्रिकेटच्या मॅचमधल्या जाहिरातीपेक्षा चांगली. माझी मागणी एवढीच की हा लहान आकडा होर्डिंगवर मोठ्या अक्षरात येऊ दे आणि मोठा आकडा खाली बारीक अक्षरात जाऊ दे.

आता रस्त्यावर रेंज नक्की कुठे जाते ते बघू, कारण हे कळलं की भीती निम्मी कमी होते. सगळ्यात मोठा खाणारा म्हणजे स्पीड. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ८० वरून १०० वर गेलात तर तो अडथळा दीडपटीहून जास्त होतो आणि १२० वर गेलात तर सव्वादोनपट. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे म्हणून १२० ने पळवलं तर बॅटरी डोळ्यांदेखत खाली येणार, यात गाडीचा दोष नाही. एसीबद्दल मात्र लोक उगाच घाबरतात. एसी तासाला साधारण एक युनिट खातो, फार कडक ऊन असेल तर थोडं जास्त. म्हणजे खंडाळ्याच्या अलीकडे दोन तास ट्रॅफिकमध्ये अडकलात आणि एसी चालूच ठेवला तर दोनेक युनिट जातील, म्हणजे १२ ते १५ किलोमीटरची रेंज. मोटर तर उभ्या गाडीत काहीच खात नाही. पेट्रोलची गाडी त्या दोन तासांत इंजिन चालू ठेवून धूर सोडत बसते.

आणि घाट. हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, "घाट चढेल का हो?" चढते, आणि फार मस्त चढते, कारण इलेक्ट्रिक मोटरची ताकद उभ्या गाडीपासूनच पूर्ण मिळते, गिअर पाडायची भानगड नाही. पण किती वीज लागते ते बघा. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत साधारण साडेपाचशे मीटरची चढण आहे. माणसं आणि सामान धरून गाडी अठराशे किलोची असेल तर तेवढं वजन तेवढं वर न्यायला पावणेतीन युनिट लागतात, इकडेतिकडे वाया जाणारी धरून तीन म्हणा. बस्स, तीन युनिट! म्हणजे वीस किलोमीटरच्या आसपास रेंज. आणि पुण्याहून मुंबईला उतरताना ब्रेक न दाबता पाय नुसता काढला तरी मोटर जनरेटरसारखी चालून वीज बनवते आणि बॅटरीत परत टाकते, सगळी नाही पण निम्म्याहून जास्त परत मिळते. मुंबई पुणे दीडशे किलोमीटर धरा, हायवेच्या हिशोबाने २५ युनिट, वर घाटाचे तीन, झाले २८. ४५ युनिटची गाडी फुल करून निघालात तर पुण्यात पोचल्यावर १७ युनिट शिल्लक. कुठेही न थांबता, एसी लावून. हे असं कागदावर मांडून दाखवलं की माझ्या ओळखीतल्या साठी ओलांडलेल्या काकांनाही पटतं, होर्डिंगवरच्या आकड्याने पटत नाही.

पण खरं सांगायचं तर रेंज हा पहिला प्रश्नच नसावा. पहिला प्रश्न हा की रात्री गाडी कुठे उभी असते आणि तिथे प्लग पॉइंट आहे का. आपल्यातले बहुतेक जण रोज तीस, चाळीस, फार तर पन्नास किलोमीटर गाडी चालवतात. पन्नास किलोमीटरला सात युनिट. घरातला एसीचा किंवा गिझरचा जो १५ अँपिअरचा मोठा सॉकेट असतो, त्यातून तासाला तीन युनिट आरामात जातात, म्हणजे दिवसभरात वापरलेली वीज रात्री अडीच तासांत परत भरली. लोक शोरूममध्ये विचारतात शून्यापासून शंभर टक्के चार्ज व्हायला किती वेळ, सेल्समन सांगतो पंधरा तास, आणि लोक उठून जातात. अहो पण रोज शून्यापासून भरायचीच नाहीये! ७.२ किलोवॉटचा, म्हणजे तासाला ७.२ युनिट देणारा वॉल चार्जर लावला तर पूर्ण बॅटरीसुद्धा सहा साडेसहा तासांत भरते, पण चाळीस पन्नास किलोमीटर रोज असणाऱ्याला साधा सॉकेटही पुरतो. फक्त त्या सॉकेटचं वायरिंग आणि अर्थिंग चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, एक्स्टेन्शन बोर्ड लावून कधीच चार्ज करू नका कारण तासन्‌तास सलग लोड राहतो आणि स्वस्तातला बोर्ड वितळतो, आणि घराचा मंजूर लोड कमी असेल तर महावितरणकडे अर्ज करून आधी वाढवून घ्या.

स्वतःचं घर, स्वतःचं अंगण असेल तर हे सगळं सोपं आहे. त्यामुळेच मला नेहमी वाटतं की या गाड्यांचा प्रचार मुंबई पुण्याच्या मॉलमध्ये करण्यापेक्षा सांगली, लातूर, जळगाव, अकोल्यासारख्या ठिकाणी जास्त जोरात व्हायला पाहिजे, जिथे दारात गाडी लागते. सोसायटीत राहणाऱ्यांना मात्र आधी सेक्रेटरींना भेटावं लागतं, मग मीटर कुठून घ्यायचं, केबल कुठून न्यायची, पार्किंग ठरलेलं आहे का कुठेही लावायचं, आग लागली तर काय असे सगळे प्रश्न मिटिंगमध्ये निघतात आणि त्यातले काही प्रश्न रास्तही असतात. गाडी बुक करायच्या आधी हे मिटवा. बुकिंग आधी आणि एनओसी नंतर असं केलं की महिनोन्‌महिने बाहेरच्या चार्जरवर रांग लावायची वेळ येते.

बाहेरच्या चार्जरबद्दल. जाहिरातीत असतं, १० ते ८० टक्के फक्त ४० मिनिटांत. यात तीन गोष्टी लपलेल्या आहेत. एक म्हणजे ८० च का, १०० का नाही? कारण भरत आलेली एसटी जशी असते, पहिल्यांदा चढणारे पटापट बसतात आणि शेवटच्यांना जागा शोधत शोधत मागे जावं लागतं, तसंच बॅटरी भरत आली की तिच्यात वीज हळूहळूच घालावी लागते, नाहीतर ती तापते आणि खराब होते. शेवटच्या २० टक्क्यांना कधीकधी आधीच्या ७० टक्क्यांएवढा वेळ लागतो, म्हणून प्रवासात ८० झाले की गन, म्हणजे चार्जरचा गाडीत लावायचा प्लग, काढा आणि निघा, मागे उभ्या असलेल्यावरही उपकार होतात. दुसरं म्हणजे चार्जर किती किलोवॉटचा आहे. ४५ युनिटचे ७० टक्के म्हणजे साडेएकतीस युनिट, ५० किलोवॉट मिळत असतील तर ३८ मिनिटं, पण ३० च मिळत असतील तर तासाच्या वर. आणि तिसरं, एका चार्जरला दोन गन असतात, शेजारी दुसरी गाडी लागली की बऱ्याच ठिकाणी पॉवर वाटली जाते, ६० चा चार्जर तुम्हाला ३० देतो.

तरीही लांबचे प्रवास होतात, आणि हे दाखवायला टाटाने फेब्रुवारी २०२३ मध्ये एक चांगली गोष्ट केली होती, नेक्सॉन ईव्ही काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत नेली, ४,००३ किलोमीटर, ९५ तास ४६ मिनिटांत, रस्त्यावरच्या सार्वजनिक चार्जरवरच चार्ज करत. त्यातले २८ तास चार्जिंगला गेले. मला या प्रचारात आवडलं ते हे की चार्जिंगचा वेळ लपवला नाही. आपण तोच हिशोब मुंबई नागपूरला लावू, समृद्धी आता जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर खुला आहे. ४५ युनिटची गाडी, सहा किलोमीटरचा हिशोब, फुल करून निघालात आणि १० टक्क्यांवर थांबलात तर २४० किलोमीटर, नंतर दर वेळी ८० टक्के भरून १९० किलोमीटर, म्हणजे तीन थांबे. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर तीन थांबे तसेही होतातच. पण तुम्ही महिन्यातून चार वेळा एकट्याने नागपूर गाठणारे असाल तर ४५ युनिटची गाडी तुमच्यासाठी नाही, मोठ्या बॅटरीची घ्या किंवा अजून थांबा.

आता पैशाची बाजू. इथे जाहिरातीचा दुसरा मोठा आकडा असतो, सुरुवातीची किंमत, आणि त्याच्या डोक्यावर एक चांदणी, म्हणजे 'अटी लागू'ची खूण. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्राची बीई ६ आली, १८.९० लाखांपासून, पण त्यात चार्जर आणि तो बसवण्याचा खर्च धरलेला नव्हता, ७.२ किलोवॉटचा चार्जर ५० हजार आणि ११.२ चा ७५ हजार वेगळे. कंपनीने ते सांगितलं होतं, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात १८.९० च राहतं. म्हणून शोरूममध्ये एकच वाक्य बोला, "चार्जर, इन्स्टॉलेशन, इन्शुरन्स सगळं धरून ऑन रोड किती ते लिहून द्या."

मग बॅटरी भाड्याने देण्याची स्कीम. एमजी विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये आली तेव्हा जाहिरात होती ९.९९ लाख आणि वर किलोमीटरला साडेतीन रुपये बॅटरीचं भाडं. बॅटरीसकट घेतली तर साडेतेरा लाख. म्हणजे फरक ३.५१ लाखांचा. याला साडेतीनने भागा, जवळपास एक लाख किलोमीटर येतात! याचा अर्थ सरळ आहे, एक लाख किलोमीटर चालेपर्यंत तुम्ही बॅटरीचे पैसे हप्त्यानेच फेडताय. महिन्याला हजार किलोमीटर असेल तर आठ वर्षं, तेव्हा ही स्कीम वाईट नाही, सुरुवातीला हातातून कमी पैसे जातात. पण महिन्याला तीन हजार चालवणाऱ्याने आधी हिशोब करावा, आणि करारात महिन्याला कमीत कमी किती किलोमीटरचे पैसे द्यावेच लागतील, विजेचा खर्च वेगळा आहे हे लिहिलंय का, आणि शेवटी बॅटरी कुणाच्या नावावर राहते हे वाचल्याशिवाय सही करू नये.

चालवायचा खर्च. "किलोमीटरला फक्त एक रुपया" असं सर्रास सांगतात, तो आकडा स्वस्त विजेवरचा असतो. महाराष्ट्रात घरगुती वीज स्लॅबमध्ये आहे, पहिली १०० युनिट स्वस्त, मग ३०० पर्यंत वेगळा दर, मग ५०० पर्यंत अजून वरचा. घरात आधीच २०० युनिट वापर असेल आणि त्यावर गाडी आली तर गाडीची सगळी युनिट पहिल्या स्वस्त स्लॅबच्या वरच्या महाग दरांत पडतात, हे कुठल्याच जाहिरातीत नसतं. महिन्याला १,००० किलोमीटर धरा, बॅटरीतून १४३ युनिट, चार्ज होताना थोडी वाया जाते म्हणून मीटरवर १६०. या वरच्या स्लॅबांचा सगळे आकार धरून सरासरी १४ रुपये दर धरला तर २,२४० रुपये. पेट्रोलची गाडी लिटरला १५ देत असेल आणि पेट्रोल १०४ धरलं तर ६,९५० च्या आसपास. म्हणजे एक रुपया नाही, सव्वादोन रुपये किलोमीटर पडला, तरीही महिन्याला साडेचार हजारांच्या वर वाचतात. बघा, खरा आकडा सांगूनसुद्धा गाडी विकता येते! घरी सोय नसेल आणि सगळं बाहेरच्या फास्ट चार्जरवर असेल तर युनिटला २२ धरून साडेतीन हजार, तरीही पेट्रोलच्या निम्मेच. गाडीसाठी महावितरणकडून वेगळं मीटर घेतलं तर ईव्ही चार्जिंगचा वेगळा दर लागतो, घरच्या स्लॅबची कटकट राहत नाही, आणि छतावर सोलर असेल तर विचारूच नका, तीन किलोवॉटचं पॅनल दिवसाला सरासरी बारा युनिटच्या आसपास देतं.

पण वाचलेले साडेचार हजार आणि गाडीची जास्तीची किंमत शेजारी ठेवा. तशीच पेट्रोल गाडी चार लाखांनी स्वस्त मिळत असेल तर महिन्याला हजार किलोमीटरवाल्याला ते चार लाख भरून निघायला सात वर्षं लागतात, दोन हजारवाल्याला साडेतीन चार. आणि हा फरक थोडा वाढलाय, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, इलेक्ट्रिकचा ऑगस्ट २०१९ पासून पाचच आहे. दुसऱ्या बाजूला राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात अटल सेतू, मुंबई पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी जाहीर झाली, अटल सेतूवर ती ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. रोज टोल भरणाऱ्याला हे फार मोठं आहे, इतरांना नाही. इंजिन ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग, क्लच यातलं काहीच नसल्याने सर्व्हिसिंग स्वस्त पडतं, ब्रेक पॅडही जास्त टिकतात, टायर मात्र गाडी जड असल्याने लवकर झिजू शकतात.

बॅटरी किती वर्षं टिकेल याची भीती मी समजू शकतो, गाडीतला सगळ्यात महाग भाग तोच. आपल्याकडे आता बऱ्याच गाड्यांत एलएफपी बॅटरी असते, त्यात निकेल आणि कोबाल्ट नसतं, वजनाच्या मानाने वीज थोडी कमी मावते पण उन्हात जास्त शांत राहते आणि जास्त वेळा चार्ज होऊ शकते. दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे एनएमसी बॅटरीला रोज ८० टक्क्यांपर्यंतच चार्ज करायला सांगतात. आपल्या गाडीत कुठली आहे ते विचारा. आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर अशी वॉरंटी बरेच जण देतात, काही जण आता आजीवन पण म्हणतायत, त्यात दोन ओळी शोधा. ही वॉरंटी फक्त पहिल्या मालकाला आहे का? आणि बॅटरीची क्षमता किती टक्क्यांच्या खाली आली की बदलून मिळणार? पहिल्या ओळीवर तुमची रिसेल किंमत अवलंबून आहे. पावसाळ्याबद्दल पण विचारतात, तर बॅटरी आयपी ६७ असते, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवून तपासलेली. साचलेल्या पाण्यातून सावकाश जायला हरकत नाही, पण मिठी नदीला पूर आलाय आणि मी घातली गाडी असं करू नका, रात्रभर पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू न करता टो करून न्या.

"झिरो एमिशन" हा शब्दही प्रचारात असतो. गाडीतून धूर निघत नाही हे खरं, आणि शाळेबाहेर, सिग्नलला, पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या माणसांच्या छातीसाठी ते फार मोलाचं आहे. पण आपली वीज अजून बरीचशी कोळशाची आहे, देशात एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. आपल्या १६० युनिटांचा ११२ किलो झाला. पेट्रोलच्या ६७ लिटरचा दीडशे किलोच्या वर. म्हणजे शून्य नाही, पण पाव हिस्सा कमी, आणि बॅटरी बनवतानाचा वेगळा धरावा लागेल. सोलरवर चार्ज केलं तर मात्र फरक खूप मोठा पडतो. जसजशी ग्रिडमध्ये सौर आणि पवनऊर्जा वाढेल तसतशी तुमची हीच गाडी जुनी होताना स्वच्छ होत जाईल, पेट्रोलची गाडी असं कधीच करू शकत नाही, आणि मला तरी "झिरो"पेक्षा ही गोष्ट जास्त सांगावीशी वाटते.

बंगळुरूहून रेवा नावाची छोटी इलेक्ट्रिक गाडी २००१ मध्ये आली होती, शिसं ॲसिडच्या बॅटरीवर ८० किलोमीटर जायची, लंडनमध्येही चालली, आपल्याकडे मात्र लोकांनी फार घेतली नाही. तेव्हा गाडीच अपुरी होती. आज गाड्या पुरेशा चांगल्या आहेत, त्यामुळे शोरूममध्ये जाल तेव्हा चक्कर मारून आणली, पिकअप भारी आहे म्हणून खुश होऊन येऊ नका, पिकअप सगळ्याच इलेक्ट्रिक गाड्यांना भारी असतो. निदान अर्ध्या पाऊण तासाची टेस्ट ड्राइव्ह मागा, सकाळी नाही, दुपारी, एसी लावून, घरातली तीन चार माणसं बसवून, आणि तुमच्या रोजच्या रस्त्याने. निघताना ट्रिप मीटर शून्य करायला सांगा. परत आल्यावर स्क्रीनवर किलोमीटरला किती वॉट अवर लागले ते दिसतं, १,००० ला त्या आकड्याने भागा, १४० असेल तर एका युनिटला सात किलोमीटर, १६५ असेल तर सहा. सेल्समनने ही ट्राय द्यायला टाळाटाळ केली तर शेजारच्या शोरूममध्ये जा, आता निवडीला भरपूर गाड्या आहेत.